साथीचा माग काढणारी माणसं: आफ्रिकेत आरोग्याचे कारभारी कसे घडतात?

सप्टेंबर २०२५ मध्ये काँगोच्या कासाई प्रांतात, बुलापे नावाच्या दुर्गम भागात इबोला पुन्हा उपटला. त्या देशातली ही सोळावी साथ. ६४ जणांना लागण झाली, ४५ जण गेले आणि १ डिसेंबरला साथ संपल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एका फटक्यात गोठवली होती. तेव्हापासून आफ्रिकेतल्या आरोग्याची चर्चा निघाली की एक शब्दप्रयोग हमखास कानावर येतो: सार्वजनिक आरोग्याचं नेतृत्व घडवणं. ते थांबलं तर मोठं नुकसान होईल, असं जाणकार सांगतात.

औषधं थांबली, लस थांबली, तर नुकसान कळतं. पण नेतृत्वाचं प्रशिक्षण म्हटलं की हॉटेलातलं शिबिर, गळ्यात ओळखपत्र, दुपारी बुफे आणि शेवटी ग्रुप फोटो एवढंच डोळ्यासमोर येतं. तसली शिबिरं होतात आणि ती बंद पडली तर मला तरी फारसं वाईट वाटणार नाही. ज्याच्याबद्दल खरोखर बोलायला हवं ते प्रशिक्षण मात्र वेगळं आहे.

डॉक्टर असताना हे आणखी कोण?

सोसायटीत एका फ्लॅटच्या नळाला गढूळ पाणी आलं तर आपण प्लंबरला बोलावतो. एकाच दिवशी बारा फ्लॅटमध्ये गढूळ पाणी आलं तर प्लंबरने बारा नळ बदलून काही होत नाही. कुणीतरी गच्चीवर चढून टाकी बघावी लागते. आणि त्याआधी, बारा घरांत एकच तक्रार आहे हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

डॉक्टर समोरच्या रुग्णाला बरं करतो. सार्वजनिक आरोग्यवाला टाकीकडे बघतो. आजार कुणाला होतोय, कुठे, कधीपासून आणि कशामुळे, हे शोधण्याच्या शास्त्राला साथरोगशास्त्र म्हणतात. नावात साथ असली तरी विषबाधा, अपघात, बाळंतपणातले मृत्यू, रक्तदाब हे सगळं त्यात येतं.

तेव्हा उत्तम सर्जन असलेला माणूस जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेचा उत्तम प्रमुख होईलच असं नाही. वैद्यकीय महाविद्यालयात हे काम फारसं शिकवत नाहीत. आपल्याकडेही त्या विषयाच्या तासाला वर्ग अर्धा रिकामा असतो.

मग शिकवतात ते काय?

या प्रशिक्षणाचा मूळ नमुना अमेरिकेतला. १९५१ मध्ये अलेक्झांडर लँगम्यूर यांनी तिथल्या रोग नियंत्रण केंद्रात, म्हणजे सीडीसीत, तरुण डॉक्टरांची एक तुकडी उभी केली. वर्गात थोडंच शिकवायचं आणि साथ आली की थेट तिथे पाठवायचं, अशी पद्धत. १९८० मध्ये थायलंडने ती उचलली, पुढे बरेच देश त्या वाटेने गेले. भारतात चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत २००१ पासून असा अभ्यासक्रम आहे. आफ्रिकेत घाना, केनिया, युगांडा आणि झिम्बाब्वे या चार देशांतल्या कार्यक्रमांनी २००५ मध्ये एकत्र येऊन ‘आफेनेट’ हे जाळं उभारलं. त्याचं मुख्यालय कंपालात आहे.

अभ्यासक्रमाच्या तीन पायऱ्या असतात. पहिली साधारण तीन महिन्यांची, तालुका-जिल्हा पातळीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी. त्यांनी आपली नोकरी सांभाळतच ती करायची. दुसरी नऊ महिने ते वर्षभराची. तिसरी पूर्ण दोन वर्षांची, आणि ती करणारे पुढे राष्ट्रीय पातळीवर जातात. तिन्ही ठिकाणी वर्गातला वेळ जेमतेम एक चतुर्थांश. बाकी सगळं गावात, दवाखान्यात, प्रयोगशाळेत, पाणवठ्यावर.

पहिलं कौशल्य दिसायला अगदी कारकुनी असतं: यादी करणं. एका रुग्णाला एक ओळ. नाव, वय, गाव, लक्षणं कधी सुरू झाली, कुणाच्या संपर्कात आला, काय खाल्लं. तिला लाइन लिस्ट म्हणतात. ती करण्याआधी ‘रुग्ण कुणाला म्हणायचं’ याची व्याख्या ठरवावी लागते. व्याख्या फार सैल केली तर अर्धं गाव यादीत येतं, फार घट्ट केली तर खरे रुग्ण सुटतात. यादी नीट झाली की ती बोलू लागते. सगळे एकाच बाजारात जाणारे निघतात, किंवा सगळ्यांच्या तारखा एकाच समारंभापाशी येऊन थांबतात.

नायजेरियाच्या झम्फारा राज्यात २०१० मध्ये लहान मुलं झटके येऊन दगावू लागली. हिवताप आणि मेंदूज्वर तिथे नेहमीचे, त्यामुळे मुलांना झटके येणं कुणाला विशेष वाटलं नाही. तपास करणारे घरोघर फिरले तेव्हा अंगणात दगड फोडून सोनं काढायचा घरगुती धंदा दिसला. खाणीतून आणलेला दगड धान्य दळायच्या चक्कीत दळला जात होता आणि त्याची धूळ घरभर बसत होती. त्या दगडात शिसं ठासून भरलेलं होतं. अंगणात रांगणारी, हात तोंडात घालणारी पाच वर्षांखालची मुलं त्याची पहिली शिकार झाली. ४०० हून अधिक मुलं गेली. नायजेरियाच्या साथरोग प्रशिक्षणातले उमेदवार या तपासात होते. दवाखान्यात बसून प्रत्येक मुलाला हिवतापाचं औषध देत राहिलं असतं तर चक्कीपर्यंत कुणी पोचलंच नसतं.

याचा उपयोग होतो हे कशावरून?

दोन तारखा शेजारी ठेवून बघा. पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची महाभयंकर साथ डिसेंबर २०१३ मध्ये गिनीतल्या मेलियांदू गावात सुरू झाली आणि तो इबोला आहे हे मार्च २०१४ मध्ये कळलं. मधले तीन महिने कुणी टाकीकडे बघितलंच नव्हतं. शेवटी गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन मिळून २८ हजारांवर लागण आणि ११ हजारांवर मृत्यू.

त्यानंतर लायबेरियाने २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांना तीन महिन्यांचं ते पहिल्या पायरीचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. एप्रिल २०१७ मध्ये सिनो परगण्यात एका धार्मिक नेत्याच्या अंत्यविधीला गेलेली माणसं एकामागून एक आजारी पडू लागली. उलट्या, डोकेदुखी, भ्रम, आणि पाठोपाठ मृत्यू. लोकांच्या पोटात गोळा आला, कारण अंत्यविधीतूनच इबोला पसरल्याची आठवण ताजी होती. या वेळी खबर लगेच वर गेली आणि नमुने तपासून इबोला नाही हे तातडीने सांगता आलं. मग विषबाधेचा संशय, त्याचाही तपास. अखेर निदान झालं मेनिंजायटिसच्या ‘सी’ प्रकाराच्या जंतूचं. ३१ आजारी, १३ मृत्यू. तपास करणाऱ्यांत हे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कर्मचारी होते.

नायजेरियाचं उदाहरण जास्त गाजलं. २० जुलै २०१४ ला लायबेरियाहून आलेला एक प्रवासी लागोसच्या विमानतळावर कोसळला. सुमारे दोन कोटी वस्तीचं शहर, आणि त्यात सरकारी डॉक्टर संपावर. त्याला खासगी रुग्णालयात नेलं. इबोला निश्चित झाल्यावर सरकारने पोलिओ निर्मूलनासाठी उभारलेली यंत्रणा, नकाशे आणि माणसांसकट, या कामाला जुंपली. पोलिओच्या नियंत्रण कक्षातल्या डॉ. फैसल शुऐब यांच्याकडे सूत्रं दिली. साथरोग प्रशिक्षणातली आजी-माजी मंडळी संपर्कातली माणसं हुडकू लागली. एक संपर्कातला माणूस निसटून पोर्ट हार्कोर्टला गेला आणि तिथे हॉटेलच्या खोलीत त्याने गुपचूप उपचार घेतले. तो बरा झाला, उपचार करणारा डॉक्टर दगावला. तिथे पुन्हा ५०० हून अधिक नावांची नवी यादी. एकूण ८९४ जणांच्या घरी जाऊन, समोर उभं राहून सुमारे १८,५०० वेळा ताप तपासला गेला. २० रुग्ण, ८ मृत्यू. २० ऑक्टोबरला नायजेरिया इबोलामुक्त जाहीर झाला.

हे सगळं मोजायला आता एक सोपा ठोकताळा आहे: ७-१-७. साथ सुरू झाल्यापासून सात दिवसांत ओळखा, एका दिवसात वर कळवा आणि त्यापुढच्या सात दिवसांत पहिली कामं उरका. यातलं अवघड असतं पहिलं सात. युगांडात २० सप्टेंबर २०२२ ला इबोला जाहीर झाला, पण मुबेंडे जिल्ह्यात ऑगस्टपासूनच कारण न कळलेले मृत्यू होत होते, हे नंतरच्या चौकशीत निघालं. युगांडा म्हणजे आफेनेटचं मुख्यालय असलेला देश, तरी तिथेही निसटलं. त्याच देशात जानेवारी २०२५ मध्ये कंपालाच्या मुलागो रुग्णालयातला एक परिचारक इबोलाने गेला तेव्हा जाहीर झाल्यापासून चार दिवसांत लशीची चाचणी सुरू झाली होती. तेव्हा प्रशिक्षण दिलं की साथ निसटणारच नाही असा दावा कुणी करत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

यात नेतृत्व कुठे आलं?

यादी करणं शिकवता येतं. पण यादीतून जे दिसलं ते वरच्याला सांगायचं, त्याला आवडणार नसलं तरी सांगायचं, हे वेगळं काम आहे.

लागोसच्या त्या खासगी रुग्णालयात डॉ. अमेयो अदादेवोह होत्या. इबोलाचा रुग्ण त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. इबोलाशी संबंध आल्याचं रुग्ण स्वतः नाकारत होता, आणि तो सरकारी कामावर असल्याने एका परिषदेसाठी त्याला सोडा असा दबाव होता. त्यांनी सोडलं नाही. त्या १९ ऑगस्ट २०१४ ला इबोलानेच गेल्या. त्यांनी यातला कुठलाही अभ्यासक्रम केलेला नव्हता, हेही नोंदवायला हवं. नेतृत्व प्रमाणपत्रातूनच येतं असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचं आहे. पण त्या ‘नाही’च्या मागे उभी राहायला प्रशिक्षित माणसांची यंत्रणा नसती, तर एका बाईचं धैर्य एका रुग्णालयाच्या दारापाशीच संपलं असतं.

म्हणून आता अनुभवी अधिकाऱ्यांसाठीही अभ्यासक्रम निघाले आहेत. आफ्रिकी संघाने जानेवारी २०१७ मध्ये अदिस अबाबात स्वतःचं रोग नियंत्रण केंद्र, आफ्रिका सीडीसी, सुरू केलं. कोफी अन्नान यांच्या नावाने चालणारा त्यांचा वर्षभराचा कार्यक्रम मधल्या आणि वरच्या फळीतल्या लोकांसाठी आहे. त्यात अर्थसंकल्पासाठी भांडायचं कसं, मंत्र्याला अर्ध्या पानात मुद्दा पटवायचा कसा, अफवेला उत्तर द्यायचं कसं, अशा गोष्टी येतात. मला हे वरवरचं वाटत नाही. उत्तम अहवाल लिहून तो फाइलीत पडू देणारे हुशार लोक आपण सरकारी कचेऱ्यांत भरपूर पाहिलेत.

आणि मंत्र्याने ऐकलंच नाही तर?

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे. टांझानियात मे २०२० मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी शेळी आणि पपई यांचे नमुनेही कोविड पॉझिटिव्ह आल्याचं सांगून चाचण्यांची टर उडवली. राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या प्रमुखांना निलंबित केलं गेलं आणि देशाने आकडे देणंच बंद केलं. तिथे प्रशिक्षित माणसं होती, पण तोंड उघडायची सोय नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये मारबर्ग या इबोलासारख्याच जीवघेण्या आजाराच्या साथीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला तेव्हाही त्या देशाने आधी इन्कार केला आणि आठवडाभरात राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू यांनी साथ असल्याचं मान्य केलं.

दोष फक्त तिथल्या राजकारण्यांचा म्हणावा, तर नोव्हेंबर २०२१ आठवा. बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी कोविडचा ओमिक्रॉन अवतार ओळखला आणि लगेच जगाला कळवला. बक्षीस काय मिळालं? दोनच दिवसांत श्रीमंत देशांनी त्या भागातली विमानं बंद केली. खरं आणि वेळेवर सांगितलं की पर्यटन बुडतं, हा धडा प्रत्येक आरोग्यमंत्र्याने तेव्हा लक्षात ठेवला असणार. कुठलाही अभ्यासक्रम तो पुसू शकत नाही.

याउलट रवांडा. तिथे २७ सप्टेंबर २०२४ ला मारबर्ग जाहीर झाला. बहुतेक रुग्ण आरोग्य कर्मचारीच होते. आरोग्यमंत्री डॉ. साबिन न्सान्झिमाना स्वतः साथरोगशास्त्रात डॉक्टरेट केलेले, त्याआधी देशाची मुख्य आरोग्य संस्था चालवलेले. आकडे रोजच्या रोज बाहेर येत राहिले. ६६ रुग्ण, १५ मृत्यू. ज्या आजारात कधीकधी दहापैकी आठ-नऊ जण जातात, त्यात हे प्रमाण २३ टक्क्यांवर राहिलं. यात अतिदक्षता विभागातल्या उपचारांचा वाटा मोठा आहे, पण जाहीर करायला कुणी कचरलं नाही म्हणून ते उपचार वेळेत सुरू झाले.

आधी डॉक्टर-नर्स तरी पुरेसे आहेत का?

नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा: जगातल्या आजारांच्या ओझ्यापैकी २४ टक्के आफ्रिकेच्या डोक्यावर, आणि आरोग्य कर्मचारी जगातले अवघे ३ टक्के. इबोलाआधी लायबेरियात ४० लाखांवर लोकांमागे पन्नासच्या आसपास डॉक्टर होते. मग अशा ठिकाणी याद्या करणारे कशाला घडवायचे?

उत्तर हिशेबातच आहे. साथरोगतज्ज्ञांसाठी जगभर धरला जाणारा निकष दोन लाख लोकांमागे एक असा आहे. म्हणजे सुमारे १५० कोटींच्या खंडाला साधारण ७,५०० माणसं. डॉक्टर-नर्सची तूट लाखांत मोजावी लागते, त्यापुढे हा आकडा आवाक्यातला आहे. आणि जिथे डॉक्टर कमी तिथे साथ दहा रुग्णांवर थांबवणं की हजारावर, हा फरक जास्तच जीवघेणा ठरतो.

यात डॉक्टरच हवा असंही नाही. पहिल्या पायरीवर नर्स, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि जनावरांचे डॉक्टरही असतात. इथिओपियाने २००३ पासून गावागावांत वर्षभर शिकवलेल्या दोन-दोन तरुणी नेमल्या. त्यांची संख्या आता हजारोंत आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख झालेले टेड्रोस अधानोम २००५ ते २०१२ या काळात तिथे आरोग्यमंत्री होते. ही योजना त्यांच्या काळात फोफावली. आपल्या आशाताईंची आठवण होईल, पण एक फरक आहे. इथिओपियातल्या त्या तरुणी पगारी सरकारी कर्मचारी आहेत, आशाताई कामागणिक मोबदल्यावर. साथीची पहिली खबर गावातल्या बाईकडून येते. तिला आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला वगळून फक्त राजधानीत नेते घडवायचे, हा माझ्या मते पैशाचा अपव्यय आहे.

शिकले की परदेशी जातातच ना?

डॉक्टर-नर्स जातात, यात शंका नाही. २०२३ च्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेने ५५ देश असे दाखवले जिथून इतरांनी जाहिराती देऊन आरोग्य कर्मचारी ओढू नयेत. त्यातले ३७ तिच्या आफ्रिका विभागातले. जिल्ह्यात राहून घेतलेल्या साथरोग प्रशिक्षणाचं मात्र एक बरं आहे. त्या प्रमाणपत्रावर लंडनमध्ये नोकरी मिळत नाही. आपला जिल्हा, तिथली भाषा, तिथला बाजार हेच त्या माणसाचं भांडवल असतं. गळती होते ती वेगळीकडे: सरकारी पगाराच्या कितीतरी पट देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या, त्याच शहरातल्या कार्यालयांत.

शिकवायचं कुणी?

१९७६ मध्ये काँगोतल्या, म्हणजे तेव्हाच्या झाईरमधल्या, याम्बुकू गावी अज्ञात तापाची साथ आली. तिथे पोचलेले डॉ. जाँ-जाक मुयेम्बे यांनी उघड्या हातांनी रुग्णांचं रक्त घेतलं आणि आजारी पडलेल्या एका ननला सोबत किन्शासाला नेलं. तिचं रक्त थर्मासमधून बेल्जियमला गेलं. विषाणू तिथे सापडला आणि शोधाचं श्रेय अनेक वर्षं युरोपीय नावांभोवती फिरत राहिलं. मुयेम्बे मायदेशीच राहिले, किन्शासाची राष्ट्रीय संशोधन संस्था त्यांनी अनेक वर्षं चालवली आणि २०१९ मध्ये नमुने देशातच राहतील अशी भूमिका घेतली.

आता शिकण्याची ठिकाणंही खंडातच वाढताहेत. कंपालातलं माकेरेरे विद्यापीठ जुनं आहे. २०१५ मध्ये रवांडात एक नवं आरोग्य विद्यापीठ सुरू झालं आणि त्याचा परिसर मुद्दाम राजधानीपासून लांब, बुतारोच्या डोंगराळ ग्रामीण भागात उभारला. विद्यार्थ्याच्या खिडकीतूनच त्याचं भावी कार्यक्षेत्र दिसावं, अशी ती जागा आहे.

आणि पैसे कुणाचे?

इथे गाडं अडतं. बहुतेक प्रशिक्षणांत अमेरिकेचा पैसा आणि सीडीसीचे सल्लागार होते. जानेवारी २०२५ मध्ये मदत गोठली, १ जुलैला यूएसएड ही मदतसंस्था अधिकृतपणे बंद झाली. ज्यांचा पगार प्रकल्पातून येत होता त्यांच्या खुर्च्या प्रकल्पाबरोबर गेल्या. आफ्रिकी नेत्यांनी एप्रिल २००१ मध्ये अबुजात शपथ घेतली होती की अर्थसंकल्पाच्या १५ टक्के आरोग्यावर खर्च करू. ती पाळणारे देश आजही बोटांवर मोजण्याइतके आहेत. मदत बंद झाल्यावर नायजेरियाच्या संसदेने २०२५ च्या अर्थसंकल्पात आरोग्यासाठी २० कोटी डॉलरची भर घातली, ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

तरी अशा घोषणा वाचताना मी एकच गोष्ट शोधतो: जिल्हा साथरोग अधिकारी हे पद सरकारी आस्थापनेवर आहे का, आणि त्याच्या मोटरसायकलच्या पेट्रोलची तरतूद कुठल्या खात्यातून आहे. प्रशिक्षणाची तुकडी दोन वर्षांत बाहेर पडते. पद मंजूर व्हायला कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो माणूस दुसरी नोकरी धरतो.